अमेरिकेतील घटकराज्यांचे मोठ्या मॅगझिनांच्या विक्रीवरील निर्बंध

१

शस्त्र बाळगणे ही आपल्याकडे परवान्याची बाब समजली जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये सरकार परवाना देते, आणि न दिल्यास नागरिकाचा कोणताही मूलभूत हक्क भंगला असे कोणी म्हणत नाही. हे नेहमीच असे गृहीत धरले जात होते असे मात्र नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांसंबंधी जो ठराव केला त्यात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे एक कलम होते. १९४८ साली हरि विष्णु कामथ यांनी घटनासमितीत हाच हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, आणि भारताच्या घटनेत हा हक्क आला नाही.

अमेरिकेच्या घटनेत मात्र १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्रे बाळगण्याचा हक्क नोंदला गेला आहे. त्यामुळे आपल्याकडे जो प्रश्न जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत संपतो तो तेथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. या हक्काची मर्यादा कोठे आखावयाची, यासंबंधीचा अलीकडील सर्वांत तीव्र वाद एका लहानशा वस्तूभोवती फिरत आहे. ती वस्तू म्हणजे काडतुसे भरून ठेवण्याचे मॅगझिन होय. डझनाहून अधिक घटकराज्यांनी ठराविक संख्येपेक्षा अधिक काडतुसे मावतील अशा मॅगझिनांची विक्री कायद्याने बंद केली आहे. हे कायदे कसे घडले, त्यांची रचना कशी आहे, आणि ते न्यायालयात कोणत्या कसोटीवर तपासले जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. या कायद्यांचे बलस्थान आणि त्यांची दुर्बलता ही दोन्ही ‘विक्री’ या एकाच शब्दात साठलेली आहेत, हे त्यातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा आहे.

२. वस्तू आणि संख्या

अर्धस्वयंचलित बंदुकीत चाप एकदा ओढला की एक बार उडतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीच्या तोंडाशी येऊन बसते. हे पुढचे काडतूस जेथून येते ती पेटी म्हणजे मॅगझिन. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत व रायफलींत ही पेटी सुटी करता येते. तिच्या तळाशी असलेली स्प्रिंग काडतुसांची रांग वर ढकलीत राहते. पेटी रिकामी झाली की ती काढून दुसरी बसवावी लागते. सराईत मनुष्यास या कामी अवघे काही क्षण लागतात. मॅगझिनावरील निर्बंधांचा सारा युक्तिवाद या काही क्षणांवर उभा आहे.

८ जानेवारी १९११ नव्हे, तर अगदी अलीकडे, म्हणजे ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टूसान येथे लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्‌स यांच्या सभेत जो गोळीबार झाला त्यातील पिस्तुलास तेहेतीस काडतुसांचे मॅगझिन लावलेले होते. ते संपल्यावर दुसरे बसविण्याच्या खटपटीत असतानाच उपस्थित नागरिकांनी हल्लेखोरास खाली पाडले. तोवर सहा माणसे प्राणास मुकली होती. १९९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड रेल्वेच्या डब्यात झालेल्या हत्याकांडातही पुन्हा काडतुसे भरताना हल्लेखोर उतारूंच्या हाती सापडला. याच्या उलट उदाहरण लास व्हेगासचे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेथील संगीतसभेवर उंच इमारतीतून सुमारे दहा मिनिटांत हजारांहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. मोठ्या मॅगझिनांवाचून हा वेग शक्य झाला नसता, असे निर्बंधाचे पुरस्कर्ते म्हणतात.

विरोधकांचे म्हणणे असे की, ज्याने आधीपासून कट रचला आहे तो लहान मॅगझिने अधिक संख्येने बरोबर घेईल. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जणांची हत्या झाली. तेथे दहा व पंधरा काडतुसांची मॅगझिनेच वापरलेली होती, आणि दहाची मर्यादा असती तरी त्या घटनेत विशेष फरक पडला नसता, असा अभिप्राय चौकशी समितीने दिला. शिवाय रात्री घरात शिरलेल्या चोराला तोंड देणाऱ्या गृहस्थापाशी सुट्या मॅगझिनांचा साठा नसतो. त्यास जे बंदुकीत असेल त्यावरच भागवावे लागते. यावर सरकारपक्षाचे उत्तर असे की, आत्मरक्षणाच्या प्रसंगी झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांची सरासरी कॅलिफोर्नियातील खटल्यात सादर झालेल्या पुराव्याप्रमाणे २.२ इतकीच भरते, तेव्हा दहाची मर्यादा गृहस्थास जाचक होत नाही. सरासरी ही अपवादात्मक प्रसंगाचे माप नव्हे, असे प्रत्युत्तर विरोधक देतात. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे, म्हणूनच संख्या ठरविणे हे अखेर विधिमंडळाचे काम ठरते.

३. केंद्रीय कायद्याची दहा वर्षे

संख्येवर मर्यादा घालण्याची कल्पना नवी नाही. मद्यबंदीच्या काळात टोळ्यांनी थॉम्प्सन बंदुकीचा जो उपयोग केला त्याची प्रतिक्रिया म्हणून १९२७ साली मिशिगनने पुन्हा न भरता सोळाहून अधिक बार उडविता येणाऱ्या शस्त्रांवर, तर ऱ्होड आयलंडने बाराहून अधिक बार उडविणाऱ्या अर्धस्वयंचलित शस्त्रांवर बंदी घातली. हे कायदे पुढे शिथिल झाले वा रद्द झाले. आधुनिक काळात १९९० साली न्यू जर्सीने पंधराची मर्यादा घातली.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने दहाहून अधिक काडतुसे मावणाऱ्या मॅगझिनांचे हस्तांतरण व बाळगणे देशभर निषिद्ध केले. परंतु या कायद्यास दोन महत्त्वाच्या मर्यादा होत्या. पहिली अशी की, त्या तारखेपूर्वी बनलेली मॅगझिने त्यातून वगळलेली होती. ती बाळगता येत आणि विकताही येत. परदेशांत पडून राहिलेले जुने साठेही त्यानंतरच्या वर्षांत लाखोंच्या संख्येने आयात झाले. दुसरी मर्यादा अशी की, कायद्याचे आयुष्यच दहा वर्षांचे ठरविलेले होते. काँग्रेसने मुदत न वाढविल्यामुळे १३ सप्टेंबर २००४ रोजी तो संपुष्टात आला.

या दहा वर्षांचे मूल्यमापन ख्रिस्तोफर कोपर यांनी न्यायविभागाच्या संशोधनसंस्थेसाठी २००४ साली सादर केलेल्या अहवालात केले आहे. बंदूकजन्य हिंसेवरील कायद्याचा परिणाम निश्चितपणे मोजता येईल इतका मोठा दिसत नाही, असे त्यांनी नमूद केले. हा निष्कर्ष विरोधक पुष्कळदा उद्धृत करतात. परंतु त्याचे कारणही अहवालातच आहे. जुना साठा एवढा प्रचंड होता की तो आटण्यापूर्वीच कायद्याची मुदत संपली. धरणाची दारे बंद केल्याबरोबर खालच्या पात्रातील डोह कोरडे पडत नाहीत. त्यास काळ जावा लागतो. डोह भरलेला दिसला म्हणून दारे बंदच नव्हती, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. दारे बंद ठेवून उपयोग झाला असताच, असेही त्यावरून सिद्ध होत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

४. घटकराज्यांच्या कायद्यांचे प्रकार

केंद्रीय कायदा संपल्यावर हा विषय पूर्णतः घटकराज्यांकडे आला. त्यांच्या कायद्यांत संख्येची एकवाक्यता नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मेरीलँड, वॉशिंग्टन व ऱ्होड आयलंड या राज्यांनी दहाची मर्यादा पत्करली. न्यू जर्सीने २०१८ साली पंधरावरून दहावर येणे पसंत केले. कोलोरॅडोने २०१३ साली पंधरा, तर डेलावेअरने २०२२ साली सतरा ही मर्यादा ठरविली. व्हर्माँटने २०१८ साली आणि इलिनॉयने २०२३ साली लांब नळीच्या बंदुकांस दहा व पिस्तुलांस पंधरा अशी दुहेरी योजना केली. न्यूयॉर्कने २०१३ साली मॅगझिनात सातच काडतुसे भरावीत असाही नियम केला होता. पण सात हाच आकडा का, याचे पुरेसे समर्थन न झाल्याने न्यायालयांनी तेवढा भाग रद्द केला आणि दहाची मर्यादा कायम ठेवली. पोलीस व लष्करी सेवेतील व्यक्तींना सामान्यतः सर्वत्र सूट आहे.

तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने संख्येपेक्षा महत्त्वाचा भेद दुसराच आहे. कायदा नेमकी कोणती कृती निषिद्ध करतो, हा तो भेद होय. यावरून तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात केवळ विक्री, निर्मिती, आयात व तत्सम व्यवहार निषिद्ध असतात. १ जुलै २०२२ पासून अमलात आलेला वॉशिंग्टनचा कायदा या वर्गातला होय. नागरिकापाशी आधीपासून असलेले मॅगझिन त्याने स्वतःपाशी ठेवण्यास तो कायदा आड येत नाही. मेरीलँडमध्येही विक्री व हस्तांतरण निषिद्ध आहे, नुसते बाळगणे नव्हे. दुसऱ्या वर्गात बाळगणेही निषिद्ध असते, पण विशिष्ट तारखेपूर्वीच्या मालकांस सूट मिळते. कोलोरॅडोत १ जुलै २०१३ पूर्वीचे मॅगझिन मूळ मालकापाशी सलग राहिले असेल तर ते वैध ठरते. कनेक्टिकटने जुन्या मालकांस १ जानेवारी २०१४ पर्यंत नोंद करण्याची सवलत दिली. तिसऱ्या वर्गात जुन्या मालकांसही सूट नसते. कॅलिफोर्नियाने २००० सालापासून विक्री बंद केली होती, पण जुन्या मॅगझिनांस हात लावला नव्हता. २०१६ साली विधिमंडळाच्या कायद्याने व लोकमताने संमत झालेल्या प्रस्तावाने ती सवलतही काढून घेण्यात आली, आणि मालकांनी मॅगझिने राज्याबाहेर न्यावीत, परवानाधारक व्यापाऱ्यास विकावीत अथवा नष्ट करण्यासाठी जमा करावीत, असे ठरले.

हे तीन वर्ग म्हणजे तीन निरनिराळ्या राजकीय तडजोडी आहेत. विक्रीबंदी सोपी असते. ती दुकानदारावर पडते, नागरिकाच्या घरात शिरत नाही, आणि तिची अंमलबजावणी हिशेबाच्या वह्या तपासून करता येते. परंतु ती प्रवाहाला अडविते, साठ्याला नाही. बाळगण्यावरील बंदी साठ्यालाही स्पर्श करते, पण ती अमलात आणावयाची तर लाखो कायदापालक नागरिकांना रातोरात गुन्हेगार ठरविण्याचा प्रसंग येतो, आणि सरकार भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेते असा दुसराच घटनात्मक वाद उभा राहतो. मधला मार्गही निष्कंटक नाही. मॅगझिनावर बहुधा क्रमांक नसतो. एखादे मॅगझिन अमुक तारखेपूर्वीचे की नंतरचे, हे सिद्ध करणे कठीण जाते.

सौम्य विक्रीबंदीचीही राजकीय किंमत मोजावी लागते, याचे उदाहरण कोलोरॅडोचे. तेथील कायदा संमत होताच मॅगपुल ही मॅगझिने बनविणारी कंपनी राज्य सोडून गेली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये सेनेटचे अध्यक्ष जॉन मॉर्स व सदस्या अँजेला गिरॉन यांना मतदारांनी मुदतीपूर्वीच परत बोलाविले. कायदा मात्र टिकला. २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यघटनेशी सुसंगत ठरविला.

५. न्यायालयांची कसोटी

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात, शस्त्र बाळगण्याचा हक्क हा व्यक्तीचा आहे, केवळ नागरी पलटणीचा नव्हे, असा निर्णय दिला. २०१० साली मॅकडोनल्ड खटल्यात तो हक्क घटकराज्यांविरुद्धही लागू केला. यानंतरची बारा वर्षे अपील न्यायालये साधारणतः दोन पायऱ्यांनी विचार करीत. कायदा या हक्काला स्पर्श करतो का, आणि करीत असल्यास सार्वजनिक सुरक्षिततेचे त्याचे प्रयोजन त्या हस्तक्षेपाचे समर्थन करण्यास पुरेसे आहे का, हे ते प्रश्न होते. दुसऱ्या पायरीवर आकडेवारीस, तज्ज्ञांच्या साक्षीस व अनुभवास स्थान होते. या पद्धतीने तपासलेले मॅगझिनांवरील निर्बंध अपील न्यायालयांत बहुतेक टिकले.

२३ जून २०२२ च्या ब्रुएन खटल्यात न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ही दुसरी पायरी काढून टाकली. आता कायद्याचा उपयोग किती, हा प्रश्न न्यायालयाने विचारावयाचा नाही. शस्त्रनियमनाच्या राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेत तो बसतो का, एवढेच पाहावयाचे. २०२४ च्या रहीमी खटल्यात न्यायालयाने हे किंचित सौम्य केले. इतिहासातील तंतोतंत जुळी प्रत नको, जुन्या कायद्यांमागील तत्त्व जुळले म्हणजे पुरे, असे सांगितले.

परिणामी वकिलांचे लक्ष गुन्ह्यांच्या आकडेवारीकडून पुराभिलेखांकडे वळले. अठराव्या शतकात घरात बंदुकीची दारू किती साठवावी यावर मर्यादा होत्या. लपवून लावलेल्या सापळा-बंदुका निषिद्ध होत्या. एकोणिसाव्या शतकात बोवी नावाच्या मोठ्या सुऱ्यांवर निर्बंध आले. हे सर्व दाखले सरकारपक्ष पुढे करतो. उलट पक्षी, सुमारे वीस गोळ्या झाडणारी गिरार्डोनी हवाबंदूक अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातच अस्तित्वात होती आणि लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेने तशी एक बरोबर नेली होती, तसेच १८६० नंतर हेन्री व विंचेस्टर रायफली सर्रास विकल्या जात होत्या, तरीही तत्कालीन विधिमंडळांनी त्यांवर संख्येची मर्यादा घातली नाही, असे विरोधक दाखवितात.

निकाल कसा हेलकावे खातो हे कॅलिफोर्नियाच्या डंकन खटल्यावरून दिसते. २९ मार्च २०१९ रोजी जिल्हा न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी बंदी घटनाबाह्य ठरविली. पुढे त्यांनीच आपल्या निकालास ५ एप्रिलपासून लागू होणारी स्थगिती दिली. मधल्या आठवड्यात राज्यातील खरेदीदारांनी फार मोठ्या संख्येने मॅगझिने मागविली, आणि त्या आठवड्यात घेतलेल्या मालास स्थगितीच्या आदेशाने संरक्षण दिले. नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने २०२१ साली सात विरुद्ध चार मतांनी कायदा उचलून धरला. ब्रुएननंतर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. २०२३ साली बेनिटेझ यांनी पुन्हा कायदा रद्द ठरविला, आणि २० मार्च २०२५ रोजी विस्तारित पीठाने पुन्हा सात विरुद्ध चार मतांनीच तो वैध ठरविला. मोठे मॅगझिन हे शस्त्र नसून शस्त्राचे एक उपांग आहे, आणि शस्त्र मानले तरी विशेष घातक वापरास आळा घालण्याच्या परंपरेत हा निर्बंध बसतो, असे बहुमत होते. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये मॅगझिन हे घटनेच्या अर्थाने शस्त्र नव्हे असे ठरविले. ऱ्होड आयलंडचा खटला ऐकण्यास राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी नकार दिला.

६. विक्री आणि ‘सामान्य वापर’

या सर्व विवेचनात एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. कायदापालक नागरिकांच्या ‘सामान्य वापरात’ असलेली शस्त्रे घटनेने संरक्षित आहेत, असे हेलर निकाल सांगतो. आता एखादी वस्तू सामान्य वापरात कशी येते? ती विकली गेल्याने. २००४ साली केंद्रीय बंदी संपल्यावर मोठी मॅगझिने अनेक रायफलींबरोबर व पिस्तुलांबरोबर नेहमीचा भाग म्हणून विकली जाऊ लागली, आणि आज ती कोट्यवधी घरांत आहेत, म्हणून त्यांवर बंदी घालता येणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. हेलर खटल्यातील आपल्या भिन्नमतात न्यायमूर्ती ब्रायर यांनी यातील चक्राकार तर्क दाखवून दिला होता. २०१५ साली इलिनॉयमधील हायलंड पार्कच्या खटल्यात न्यायाधीश ईस्टरब्रुक यांनीही हाच दोष निदर्शनास आणला. बंदी नव्हती म्हणून वस्तू पसरली, आणि पसरली म्हणून बंदी नको, हे तर्कशास्त्रास धरून नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मात्र या आक्षेपाचीही दुसरी बाजू आहे. सामान्य वापराची कसोटी अजिबात सोडली, तर विधिमंडळाने आज निषिद्ध केलेली वस्तू उद्या केवळ दुर्मीळ आहे म्हणून संरक्षणास मुकेल, आणि हक्काचा विस्तार सर्वस्वी सत्ताधाऱ्यांच्या इच्छेवर राहील. घटनेत हक्क नोंदण्याचा हेतूच मग निष्फळ होतो. तेव्हा कसोटी कोणतीही घेतली तरी, विक्री चालू राहणे वा बंद होणे यांवरून हक्काची व्याप्ती बदलते, ही वस्तुस्थिती टळत नाही.

यावरून विक्रीबंदीचे खरे महत्त्व ध्यानात येते. वरकरणी हा सर्वांत सौम्य उपाय आहे. कोणाच्या घरातील वस्तू तो घेत नाही. परंतु घटनात्मक परिणामाच्या दृष्टीने तोच सर्वांत दूरगामी ठरू शकतो, कारण उद्या कोणती वस्तू सामान्य मानली जाईल हे आजची बाजारपेठ ठरविते. उलट त्याचा प्रत्यक्ष परिणाम मंद असल्यामुळे तो दाखवून देणे अवघड जाते. दहा वर्षांत परिणाम दिसला नाही म्हणून कायदा मुदत संपताच सोडला जातो, आणि सोडल्यानंतरच्या वीस वर्षांत प्रश्नाचे स्वरूपच पालटून जाते.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध केवळ अमेरिकेपुरता नाही. ब्रुएननंतर न्यायालयांनी परिणामाचा प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे, पण तो प्रश्न त्यामुळे नाहीसा झालेला नाही. त्याचे उत्तर आता विधिमंडळांना आणि संशोधकांनाच द्यावयाचे आहे. निरनिराळ्या राज्यांनी दहा, पंधरा व सतरा अशा मर्यादा घातल्या, कोणी विक्री थांबविली तर कोणी बाळगणेही थांबविले. ही विविधता न्यायालयांना गोंधळाची वाटली तरी तुलनात्मक अभ्यासास ती एक दुर्मीळ संधी आहे. मात्र त्या अभ्यासात कायद्याचे नाव वा त्यातील आकडा पाहून थांबता कामा नये. तो कोणती कृती निषिद्ध करतो, कोणास सूट देतो, आणि तो लागू होण्यापूर्वीचा साठा किती होता, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ते न विचारता काढलेला कोणताही निष्कर्ष, मग तो निर्बंधाच्या बाजूचा असो वा विरुद्ध, विश्वसनीय मानता येणार नाही.